वारशाचे ईमान, शोधाचे ईमान : मौलाना अबुल कलाम आझाद



आपल्या वाशीम जिल्ह्यात, कारंजा असो वा मंगरूळपीर, मूल बोलू लागले की आई त्याला कलिमा शिकवते. हे आपले भाग्यच होय. परंतु तेच मूल सोळा-सतरा वर्षांचे झाल्यावर विचारते, हे सारे आपण का मानतो? तेव्हा पुष्कळ घरांत त्याला रागावून गप्प केले जाते. असा प्रश्न ज्यांच्या घरात उठला आहे, त्यांनी मौलाना आझाद (रह.) यांचे जीवन अवश्य जाणून घ्यावे.

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी पवित्र मक्का शहरात झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम आणि पीर होते. पुढे हे कुटुंब कलकत्त्यास स्थायिक झाले. मुलाचे सारे शिक्षण घरीच, जुन्या पद्धतीने झाले. मदरशांतून आजही शिकविला जाणारा दर्से-निजामी हा अभ्यासक्रम त्यांनी लहान वयातच पूर्ण केला. धर्म त्यांना वारशाने मिळाला होता आणि तो निमूटपणे जपणे, एवढीच घराची अपेक्षा होती.

परंतु याच वयात त्यांचे मन अस्वस्थ झाले. सर सय्यद अहमद खान यांच्या लेखनाने विचारांना नवी दिशा मिळाली. मुसलमानांचे सारे पंथ एकाच कुरआनचा आधार घेतात, तर परस्परांना चुकीचे का ठरवितात, हा पहिला प्रश्न होता. तेथून संशय पुढे सरकला आणि धर्माच्या मुळापर्यंत पोहोचला. वारशाच्या समजुतींनी आपण आता बांधलेले नाही, हे दर्शविण्यासाठी त्यांनी ‘आझाद’ हे नाव धारण केले. ज्या नावाने आपण त्यांना आदराने ओळखतो, ते त्या अस्वस्थ काळाचे चिन्ह आहे!

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या काळात त्यांनी धर्माची थट्टा केली नाही आणि शोधही सोडला नाही. तत्त्वज्ञान संशयाचे दार उघडते, पण ते बंद करू शकत नाही. विज्ञान पुरावा देते, पण दुःखी मनाला आधार देत नाही, हे त्यांना अनुभवाने उमगले. ते पुन्हा अल्लाहकडे वळले, तेव्हा ते ईमान त्यांचे स्वतःचे होते. १९१२ मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ साप्ताहिक काढून मुसलमानांना कुरआनकडे बोलाविले. पुढे ‘तर्जुमानुल कुरआन’ची हस्तलिखिते पोलिसांच्या झडत्यांत गेली, तरी त्यांनी ती पुन्हा लिहिली. सूरह फातिहाच्या विवेचनात त्यांनी अल्लाहचे पालनकर्तेपण, दया आणि न्याय हे गुण उलगडून दाखविले. पालनकर्तेपण म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढवीत पूर्णत्वास नेणे. जो रब्ब बीजाला असे वाढवितो, तो प्रामाणिक शोधकाचे ईमानही असेच वाढवितो, असे मला वाटते.

या ईमानाची कसोटी आपल्याच महाराष्ट्रात लागली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत मौलानांना अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तिकडे कलकत्त्यात पत्नी जुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे विनंती करण्याची वाट तुरुंगाधिकाऱ्याने सुचविली, पण मौलानांनी ती नाकारली. एप्रिल १९४३ मध्ये बेगमांचे निधन झाले; शेवटची भेट झाली नाही. ‘गुबारे-खातिर’मधील पत्रांत मनातील कालवाकालव त्यांनी लपविलेली नाही, तरी दिनक्रम मोडू दिला नाही. पहाटेचा चहा, वाचन, लेखन आणि सब्र चालूच राहिले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले.

हजरत इब्राहीम (अलै.) यांनीही मृतांना जिवंत कसे केले जाते, हे पाहण्याची इच्छा रब्बपाशी व्यक्त केली होती. त्यांचे ईमान होतेच. त्यांना मनाचे समाधान हवे होते. रब्बने त्यांना झिडकारले नाही, तर चार पक्ष्यांद्वारे दाखवून दिले. मग आपण आपल्या मुलांना का झिडकारावे? त्यांच्याजवळ बसा, ऐका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि त्यांच्यासोबत कुरआन उघडा.

अल्लाह आपल्या मुलांच्या शोधाला सरळ मार्ग दाखवो आणि आपल्याला ऐकून घेण्याचा धीर देवो. आमीन.