डिग्री नसलेले परीक्षक

तुम्ही इंग्लंडमधल्या सेकंडरी शाळेत असाल, तर यिअर इलेव्हनच्या शेवटी सायन्सचे पेपर तुम्हाला चुकत नाहीत. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स. म्हणजे जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. या पेपरांत निदान 15 टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना असतात, हे तुमच्या शिक्षकांनी सांगितलं असेलच. नुसती व्याख्या पाठ करून हे गुण मिळत नाहीत. काय मोजलं, कसं मोजलं, काय दिसलं, हे लिहावं लागतं.

विज्ञान शिकायचं तर हाताने आणि डोळ्यांनी, हा आग्रह या देशात ज्यांनी धरला, त्यांत एक मोठं नाव आहे थॉमस हेन्री हक्स्ली यांचं. डार्विनची बाजू घेऊन भांडणारे म्हणून ते जगाला माहीत आहेत. पण आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी परीक्षा घेण्यात घालवली. गंमत अशी, की ते स्वतः शाळेत फक्त दोन वर्षं गेले होते आणि विद्यापीठाची डिग्री त्यांनी कधी पुरी केलीच नाही.

थॉमसचा जन्म 4 मे 1825 चा, ईलिंगचा. आज ईलिंग लंडनमध्येच मोडतं, तेव्हा ते लंडनबाहेरचं गाव होतं. वडील तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. आठव्या वर्षी थॉमस त्याच शाळेत जाऊ लागला. पण शाळेला उतरती कळा लागली, वडिलांची नोकरी गेली आणि सगळं कुटुंब कॉव्हेंट्रीला गेलं. थॉमसची शाळा तिथेच संपली. तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

शिकणं मात्र संपलं नाही. पहाट व्हायच्या आधी मेणबत्ती लावायची, खांद्यावर घोंगडी ओढून घ्यायची आणि भूगर्भशास्त्राचं जाडजूड पुस्तक वाचत बसायचं, असा हा मुलगा. जर्मन भाषाही तो स्वतःच शिकला, कारण त्या काळी विज्ञानातलं बरंच काही जर्मन भाषेत लिहिलं जायचं. (तुम्ही मराठी शिकता आहात, तेव्हा एकट्याने भाषा शिकणं किती चिकाटीचं काम आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याला लंडनमध्ये एका डॉक्टरांच्या हाताखाली ठेवलं. जागा होती रॉदरहाइद, थेम्स नदीच्या काठावरची गरीब वस्ती. तिथे येणाऱ्या माणसांना औषधापेक्षा पोटभर अन्नाची गरज जास्त होती. ते दिवस हक्स्ली जन्मभर विसरले नाहीत. पुढे ते कामगारांसाठी व्याख्यानं देत राहिले, त्यामागे रॉदरहाइदच्या त्या गल्ल्या आहेत, असं मला वाटतं.

1842 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याने वनस्पतिशास्त्राच्या एका स्पर्धा परीक्षेत रौप्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. शिष्यवृत्ती म्हणजे शिकण्यासाठी मिळणारे पैसे, किंवा फी माफ होणं. खिशात पैसे नसलेल्या मुलासाठी परीक्षा म्हणजे काय असते, हे त्याला तेव्हाच कळलं. बंद दार उघडायची ती एकच किल्ली होती. 1845 मध्ये त्याने माणसाच्या केसाच्या मुळाभोवतीचा एक पातळ थर शोधून काढला. त्या थराला आजही हक्स्लीचा थर म्हणतात. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डॉक्टरकीची पहिली परीक्षा त्याने सुवर्णपदकासह पास केली. दुसरी परीक्षा दिली असती तर डिग्री हातात पडली असती. ती त्याने दिली नाही. पैशांची चणचण होती, नोकरी हवी होती.

नोकरी मिळाली ती नौदलात. एचएमएस रॅटलस्नेक नावाच्या जहाजावर साहाय्यक डॉक्टर म्हणून हक्स्ली 1846 च्या डिसेंबरमध्ये निघाले. चार वर्षं ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या समुद्रात फिरले. समुद्रातले जेलीफिशसारखे मऊ प्राणी जाळ्याने पकडायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, चित्रं काढायची आणि निबंध लिहून लंडनला पाठवायचे. उत्तर काही येत नव्हतं. परत आल्यावर त्यांना कळलं, की त्यांचा निबंध छापून आला आहे आणि शास्त्रज्ञांमध्ये नाव झालं आहे. 1851 मध्ये, सव्वीस वर्षांचे असताना, रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं.

नाव झालं, पण पोटापाण्याचं काय? विज्ञान शिकवण्याच्या नोकऱ्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. हक्स्लींनी टोरंटो, अ‍ॅबरडीन, कॉर्क अशा ठिकाणी अर्ज केले. सगळीकडून नकार. इकडे सिडनीला हेन्रिएटा हीथॉर्न नावाच्या मुलीशी त्यांचं लग्न ठरलेलं होतं, आणि ती तिथे वाट बघत होती. शेवटी 1854 मध्ये लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरच्या खाणशास्त्राच्या सरकारी शाळेत ते शिकवू लागले. पुढच्या वर्षी हेन्रिएटा इंग्लंडला आली आणि आठ वर्षं थांबलेलं लग्न झालं.

1859 मध्ये डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं. उत्क्रांती म्हणजे सजीव हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणं. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स यांच्याशी हक्स्लींची मोठी खडाजंगी झाली. ही गोष्ट तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून इथे ती लांबवत नाही. त्याच 1860 सालच्या सप्टेंबरमध्ये त्यांचा पहिला मुलगा, छोटा नोएल, तापाने गेला. त्याला चार वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता परीक्षांकडे येऊ.

लंडन विद्यापीठाने 1856 मध्ये हक्स्लींना शरीरशास्त्राचे परीक्षक नेमलं. म्हणजे ज्या विद्यापीठाची डिग्री त्यांच्याकडे नव्हती, तिथेच ते दुसऱ्यांचे पेपर तपासू लागले! पण त्याहून मोठं काम निघालं साउथ केन्सिंग्टनला. तिथल्या सरकारी विज्ञान आणि कला खात्याने 1859 पासून एक योजना सुरू केली. कोणत्याही गावात विज्ञानाचा वर्ग चालवा. मे महिन्यात लंडनहून सीलबंद प्रश्नपत्रिका येतील, देशभर एकाच संध्याकाळी परीक्षा होईल आणि जितकी मुलं पास होतील, त्या हिशोबाने शिक्षकाला पैसे मिळतील. परीक्षा संध्याकाळी का? कारण बसणारे बरेच जण दिवसा कामाला जायचे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लंडनला यायचे. हक्स्ली या खात्याचेही परीक्षक होते. घरात मुलंबाळं वाढत होती, पेपर तपासण्याचे पैसे त्यांना हवेच होते.

योजना तशी चांगली होती. ज्या गावांत विज्ञानाचं नावही कुणी घेत नव्हतं, तिथे वर्ग सुरू झाले. पण शिक्षकाची कमाई मुलांच्या पास होण्यावर टांगली, की काय होणार? घोकंपट्टी! घोकंपट्टी म्हणजे अर्थ न समजता पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणं. ज्या मुलाने बेडूक कधी उघडून पाहिला नाही, तो बेडकाच्या हृदयाचं वर्णन लिहायचा. ज्याने ऑक्सिजन कधी तयार केला नाही, तो ऑक्सिजनचे गुणधर्म धडाधड सांगायचा. आणि पास व्हायचा. यात मुलांचा दोष काय? कित्येकदा शिक्षकांनीही ते कधी पाहिलेलं नसायचं. त्यांनीही ते पुस्तकातूनच घेतलेलं असायचं.

हक्स्लींना हे खुपत होतं. 1869 मध्ये लिव्हरपूलला बोलताना त्यांनी साधं उदाहरण दिलं. लोहचुंबक लोखंडाला ओढतो, हे मुलाला तोंडाने सांगून भागत नाही. चुंबक त्याच्या हातात द्या, ती ओढ त्याच्या बोटांना जाणवू द्या. परीक्षा नकोच, असं मात्र ते म्हणत नव्हते. शिष्यवृत्तीच्या जोरावर वर आलेला माणूस तसं कसं म्हणेल? परीक्षेने शिकण्याची चाकरी करावी, तिने मालक होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग करायचं काय? हक्स्लींनी मुलांना सोडून आधी शिक्षकांना धरलं, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात हुशारीचं काम हेच. 1871 च्या उन्हाळ्यात त्यांनी साउथ केन्सिंग्टनला शाळामास्तरांसाठी काही आठवड्यांचा वर्ग घेतला. हाताशी मायकेल फॉस्टर आणि रे लँकेस्टर यांच्यासारखे तरुण शास्त्रज्ञ होते. आधी हक्स्लींचं व्याख्यान. ते रंगीत खडूंनी फळ्यावर सुंदर चित्रं काढायचे. मग लगेच टेबलाशी बसून जे ऐकलं ते स्वतः पाहायचं, कापायचं, त्याचं चित्र काढायचं. विज्ञान शिकवणाऱ्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून काही पाहिलं असेल ते इथे.

शिकवायला त्यांनी थोडेच पण नेमके सजीव निवडले. पाव फुगवणारं यीस्ट. अमीबा. घेवड्याचं झाड. नेचा, म्हणजे ओल्या सावलीत वाढणारी ती झालरीसारखी पानं. क्रेफिश, म्हणजे ओढ्यात राहणारा, शेवंडीसारखा दिसणारा छोटा प्राणी. आणि बेडूक. शंभर प्राण्यांची नावं पाठ करण्यापेक्षा दहा-बारा सजीव नीट पाहिले, तर बाकीच्यांची रचना आपोआप कळू लागते, हा त्यामागचा विचार. या वर्गातून 1875 मध्ये प्रयोगांचं एक पुस्तक तयार झालं आणि ती पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालली. तुमच्या शाळेत आजही कधी कांद्याची पातळ साल काचेवर ठेवून पाहायला लावतात ना, ते याच जातीचं काम.

शाळेतल्या लहान मुलांसाठी हक्स्लींनी दोन मित्रांबरोबर छोट्या पुस्तकांची एक माला काढली. त्यांतलं रसायनशास्त्राचं पुस्तक रॉस्को यांनी लिहिलं, भौतिकशास्त्राचं बॅल्फोर स्ट्युअर्ट यांनी. 1870 मध्ये लंडनला पहिलं स्कूल बोर्ड निवडून आलं, तेव्हा हक्स्ली त्यातही होते. त्यांच्या मॅरिलबोन भागात सगळ्यात जास्त मतं पडली एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टर बाईंना आणि हक्स्ली आले दुसरे. गरिबांच्या शाळांतही विज्ञान शिकवलं जावं, हा धोशा त्यांनी तिथे लावला. पण इतक्या कामांनी तब्येत ढासळली आणि 1872 मध्ये ते पद त्यांना सोडावं लागलं.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. माणसांच्या वंशांबद्दल हक्स्लींनी जे लिहिलं, त्यातलं काही आज वाचवत नाही. गुलामगिरी वाईट, असं ते ठामपणे म्हणायचे, पण सगळे वंश बुद्धीने सारखे आहेत, हे ते मानत नव्हते. नीट पाहा, मगच बोला, असं इतरांना शिकवणारा माणूस इथे स्वतः नीट पाहायला चुकला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांच्या नावाची इमारत आहे. हे नाव ठेवावं की नाही, यावर तिथे अलीकडे बराच वाद झाला.

त्यांच्या परीक्षांनी काय घडवलं, हे पाहायचं तर एका मुलाची गोष्ट पुरे. त्याचं नाव हर्बर्ट जॉर्ज वेल्स. वडिलांचं दुकान चालत नव्हतं, आई एका मोठ्या घरात हाउसकीपर होती. मुलाला कापडाच्या दुकानात कामाला लावलं होतं, आणि त्याला ते अजिबात आवडत नव्हतं. 1883 मध्ये तो तिथून सुटला आणि ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या शाळेत मदतनीस शिक्षक झाला. तिथल्या हेडमास्तरांना साउथ केन्सिंग्टनच्या परीक्षांचे पैसे हवे होते. त्यांनी कागदावर संध्याकाळचे वर्ग दाखवले आणि या एकट्या मुलाला पुस्तकं देऊन अभ्यासाला बसवलं. वेल्स एकामागून एक विषय पास होत गेला. हेडमास्तरांना पैसे मिळाले. म्हणजे हक्स्लींना नको असलेलं नेमकं तेच, पुस्तकातून पाठ केलेलं विज्ञान! पण त्याच गुणांवर वेल्सला शिष्यवृत्ती मिळाली आणि 1884 मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो थेट हक्स्लींच्या वर्गात येऊन बसला.

तिथे, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने प्राणी उघडून पाहिले. त्या वर्षाच्या शेवटी तो प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाला. हक्स्ली तेव्हा आजारी होते, वर्षाच्या मध्येच त्यांचं शिकवणं थांबलं आणि 1885 मध्ये ते निवृत्त झाले. वेल्स पुढे विज्ञानकथा लिहिणारा जगप्रसिद्ध लेखक झाला. पण त्याचं सुरुवातीचं एक पुस्तक जीवशास्त्राचं आहे, 1893 मधलं. कशासाठी लिहिलं होतं? पोस्टाने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना लंडन विद्यापीठाची परीक्षा पास होता यावी म्हणून.

हक्स्ली तोवर ईस्टबर्नला समुद्राजवळ राहायला गेले होते आणि बागकामात रमले होते. 29 जून 1895 ला ते गेले. लंडनमध्ये ईस्ट फिंचलीच्या दफनभूमीत, छोट्या नोएलच्या शेजारी, त्यांना पुरलं. ज्या इमारतीत त्यांनी बेडूक आणि क्रेफिश शिकवले, ती अजून उभी आहे. साउथ केन्सिंग्टनला एक्झिबिशन रोडवर, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा ती आता एक भाग आहे.