ससाण्यांच्या डोंगराची राखण

घारीने कोंबडीचे पिलू उचलले की घरातली आजी आभाळाकडे पाहून तिचा उद्धार करते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याचे मत काही निराळे नव्हते. फरक एवढाच की त्याच्या हाती बंदूक होती, आणि १९२९ पासून गॉसहॉक जातीच्या प्रत्येक मारलेल्या ससाण्यामागे राज्य सरकार पाच डॉलर बक्षीस देत होते. या बंदुकांच्या आड आलेल्या रोझली एज यांची ओळख मी येथे करून देणार आहे.

रोझली यांचा जन्म १८७७ साली न्यूयॉर्कच्या एका सुखवस्तू घराण्यात झाला. १९०९ मध्ये चार्ल्स एज या इंग्रज इंजिनिअरशी त्यांचे लग्न झाले, तेही जपानात, योकोहामाला. काही वर्षांनी मायदेशी परतल्यावर त्या स्त्रियांच्या मतदानहक्काच्या चळवळीत पडल्या. पत्रके काढणे, सभेत उभे राहून प्रश्न विचारणे, पुढाऱ्यांचा पिच्छा पुरवणे, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. पुढे पतीपासून त्या विभक्त झाल्या आणि त्या कठीण काळात सेंट्रल पार्कमध्ये पक्षी पाहत हिंडू लागल्या. पक्षीशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. (आम्हा पदवीच्छुकांना हे वाचून बरे वाटावे की वाईट, कोण जाणे!)

१९२९ साली पॅरिसमध्ये असताना एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. पक्षीरक्षणासाठी स्थापन झालेली ऑड्यूबन संस्थाच आपल्या कर्तव्यात कसूर करीत आहे, असा आरोप प्राणिशास्त्रज्ञ विलर्ड व्हॅन नेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात केला होता. न्यूयॉर्कला परतताच बाई संस्थेच्या वार्षिक सभेला गेल्या आणि त्यांनी सर्वांसमक्ष खुलासा मागितला. समाधान होईना, तेव्हा त्यांनी ‘इमर्जन्सी कन्झर्व्हेशन कमिटी’ काढली. सर्व सभासदांना पत्रे धाडण्यासाठी यादी हवी होती. संस्था ती देईना. बाई कोर्टात गेल्या आणि १९३१ मध्ये जिंकल्या. त्यांचा स्वभाव गोड नव्हता असे दिसते. पण गोड स्वभावाच्या माणसाला ती यादी मिळाली असती असे मला वाटत नाही.

आता डोंगराकडे वळू. अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेत किटाटिनी नावाची एक लांबच लांब धार आहे. शरद ऋतूत वायव्येचा वारा तिच्यावर आदळून वर चढतो. दक्षिणेकडे निघालेले ससाणे आणि गरुड या वाऱ्यावर पंख पसरून, जवळजवळ न फडफडता, मैलोगणती तरंगत जातात. सप्टेंबरच्या मध्यास ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवे जातात, तर नोव्हेंबरात सोनेरी गरुड दिसतात. माथ्यावरच्या खडकांपासून ते इतके जवळून जातात की नेम चुकणे कठीण. बक्षीस एका जातीवर होते, पण गोळी जात पाहत नव्हती. १९३२ मध्ये रिचर्ड पाऊ या तरुणाने तिथे मेलेल्या पक्ष्यांच्या रांगा मांडून छायाचित्रे घेतली. ती पाहून एजबाई अस्वस्थ झाल्या. ऑड्यूबन संस्था तो डोंगर घेईल ही आशा फोल ठरली. तेव्हा १९३४ मध्ये बाईंनी स्वतःच सुमारे १४०० एकर जागा पाचशे डॉलरला भाडेपट्ट्याने घेतली आणि पुढे विकतही घेतली. पाचशेची रक्कम व्हॅन नेम यांच्याकडून उसनी आणलेली!

राखणीसाठी मॉरिस ब्राऊन आणि त्यांची पत्नी अर्मा आली. नेहमीचे शिकारी बंदुका घेऊन आले, संतापले, धमक्या देऊन परत गेले. अर्मा रस्त्यावरचे फाटक सांभाळी. मॉरिस माथ्यावर बसून पक्षी मोजी. पहिल्याच हंगामात मोजदाद दहा हजारांच्या वर गेली.

या आकड्यांचा उपयोग पुढे असा झाला, की १९६२ साली रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात कीटकनाशकांविरुद्ध पुरावा मांडताना हॉक माउंटनच्या नोंदी वापरल्या. माथ्यावरून जाणाऱ्या गरुडांमध्ये वयात न आलेले पक्षी फार कमी झाले होते. म्हणजे पिले जगत नव्हती. सगळ्या शिकारी पक्ष्यांना देशभर कायद्याचे संरक्षण मिळायला मात्र १९७२ साल उजाडावे लागले.

एजबाईंनी ते पाहिले नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात, पंच्याऐंशी वर्षांच्या असताना, त्या टेक्सासमध्ये ऑड्यूबनच्या वार्षिक अधिवेशनाला गेल्या. ज्या संस्थेला त्यांनी कोर्टात खेचले होते तिचे सभासद उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३० नोव्हेंबरला, बाई वारल्या. त्या शरदातही माथ्यावर पक्षी मोजले जात होते.