‘मरुत’चा जर्मन शिल्पकार

बंगलोरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयाच्या आवारात मी ‘मरुत’ प्रथम पाहिले, त्याला आता बरीच वर्षे झाली. लांब निमुळते नाक, मागे वळलेले पंख, कमरेशी किंचित आवळलेला देह. उभे असतानाही धावत सुटल्यासारखे दिसणारे विमान! भारतात घडलेल्या या पहिल्या जेट लढाऊ विमानाचा रचनाकार जर्मन होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. कुर्ट टँक त्यांचे नाव. पुढे त्यांच्याविषयी वाचत गेलो, आणि हा माणूस जितका कळत गेला तितका कोड्यातही टाकत गेला.

टँक यांचा जन्म १८९८ सालचा, आज पोलंडमध्ये असलेल्या ब्रॉमबर्गचा. घराणे सैनिकी. मुलाला वैमानिक व्हायचे होते, पण वडिलांच्या आग्रहाने पहिल्या महायुद्धात तो घोडदळात गेला. युद्धानंतर बर्लिनला तांत्रिक शिक्षण घेऊन १९३१ मध्ये ते फोक-वुल्फ कंपनीत आले. स्वतः रेखाटलेले विमान स्वतः उडवून पाहणारा रचनाकार, ही त्यांची ख्याती. त्यांच्या ‘काँडोर’ने १९३८ मध्ये बर्लिन ते न्यूयॉर्क अंतर न थांबता सुमारे पंचवीस तासांत कापले. पुढच्याच वर्षी ‘एफडब्ल्यू-१९०’ हे लढाऊ विमान उडाले. १९४१ मध्ये ते आघाडीवर आले, तेव्हा ब्रिटिशांच्या तत्कालीन ‘स्पिटफायर’ला ते भारी पडले.

हे कौतुक करताना माझी लेखणी थोडी अडखळते. ही विमाने हिटलरसाठी बनत होती. जर्मनीचा विमानउद्योग युद्धकाळात वेठबिगार कामगारांच्या जिवावर चालला, आणि फोक-वुल्फचे कारखाने त्याला अपवाद नव्हते. टँक यांच्या प्रतिभेचा हिशेब मांडताना ही बाजू वगळता येत नाही.

युद्धाच्या अखेरीस त्यांच्या कार्यालयात ‘टीए-१८३’ या जेट विमानाचे आराखडे तयार होते. पंख मागे वळलेले, शेपटी उंच. ते उडण्याआधीच जर्मनी कोसळली. १९४७ मध्ये टँक ‘पेद्रो मात्तिएस’ या बनावट नावाने अर्जेंटिनात पोहोचले. पेरॉन यांच्या आश्रयाने कोर्दोबा येथे त्यांनी ‘पुल्की-२’ घडवले. १९५० मध्ये ते उडाले, आणि १९५१ च्या फेब्रुवारीत ब्यूनोस आयर्सच्या गर्दीसमोर खुद्द टँक यांनी ते चालवून दाखवले. पण त्याच वर्षी एक वैमानिक त्यात मरण पावला, आणि १९५२ मध्ये जर्मनीपासूनचे सहकारी ओट्टो बेरेन्सही गेले. १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता उलथली आणि टँक यांचा आधार सुटला.

नेमक्या याच सुमारास भारत अशा माणसाच्या शोधात होता. १९५६ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचे टँक बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. हा कारखाना १९४० मध्ये उभा केला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. गॉटिंगेनला शिकून आलेल्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली तेथे ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान तयार झाले होते. ते पंख्याचे विमान. आता मजल मारायची होती ध्वनीच्या दुप्पट वेगाची! आधी पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर केले. डाकोटाने ते ओढून वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. अशी ७८ उड्डाणे झाली. अखेर १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिले ‘एचएफ-२४’ आकाशात नेले.

घोडे अडले ते इंजिनापाशी. रचना ज्या अधिक ताकदीच्या ‘ऑर्फियस-१२’ इंजिनावर बेतली होती, त्याची ब्रिटनला गरज उरली नाही. उरलेल्या विकासाचा खर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव आला. दिल्लीने तो नाकारला. मग प्रत्येकी ४,८५० पौंड रेट्याची दोन जुनीच ‘ऑर्फियस-७०३’ इंजिने बसवावी लागली, आणि विमान ध्वनीच्या वेगाशीच अडखळले. इजिप्तच्या इंजिनाचा प्रयोगही फसला. दरम्यान १९६२ मध्ये सरकारने ‘मिग-२१’ची निवड केली आणि त्याच्या सांगाड्यांचा कारखाना आपल्या नाशिकजवळ ओझरला आला. ओझरची भरभराट आणि मरुतची उपेक्षा यांचे मूळ असे एकाच काळातले आहे. १९७० मध्ये इंजिनाची ताकद वाढवलेल्या मरुतची चाचणी घेताना सुरंजन दास यांचा मृत्यू झाला.

तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मरुतने कामगिरी चोख बजावली. हवाई लढतीत एकही मरुत पडले नाही. जमिनीवरून झालेल्या माऱ्याला मात्र काही बळी पडली. एक इंजिन निकामी होऊनही काही वैमानिक सुखरूप परतले. एकूण १४७ विमाने बनली, आणि मग ती इतिहासजमा झाली.

टँक १९६७ मध्येच मायदेशी परतले होते. १९८३ मध्ये म्युनिकला त्यांचे निधन झाले. त्यांनी तीन देशांना विमाने दिली. त्यांतल्या पहिल्या देशाच्या पापात त्यांचा वाटा होता, हे मी विसरू शकत नाही. आपल्या देशाला मात्र त्यांनी विमान रचण्याची हिंमत दिली, हेही तितकेच खरे. पुढची जबाबदारी आपली होती. २००१ मध्ये ‘तेजस’ उडाले, तेही अमेरिकी इंजिनावर. मरुत आठवले की मला टँक यांच्यापेक्षा दिल्लीत नाकारलेला तो प्रस्तावच अधिक सलतो.