रेषेचा जाणकार

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकलेची त्यांना विलक्षण ओढ. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु आपल्या डोळ्यांना रंगांतील भेद नीट उमगत नाहीत, हे तेथे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात तो कोणता? तथापि रंग गेले तरी रेषा शाबूत होती. लक्ष्मणराव यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकही झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावी आले. तेथे त्यांनी वडीलबंधू रामूअण्णा यांच्यासह लहानसा कारखाना उभारला.

कारखान्यात रेषेचे काय काम, असे कोणी विचारील. त्या काळच्या यंत्रशाळांत एकच इंजिन असे. त्याच्या बळावर छताखालचा लांबलचक पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरे आणि पट्ट्यांच्या योगाने सारी यंत्रे चालवी. शाफ्ट किंचित वाकला तरी यंत्रे थरथरत, पट्टे निसटत, बेअरिंगे तापत. वाकलेला शाफ्ट सरळ करणे हे मोठ्या धीराचे काम. तो दोन टोकांवर धरून सावकाश फिरवावयाचा व जवळ खडू धरावयाचा. जेथे खडू उमटेल तेथे फुगवटा. तो वर करून, दोन्ही बाजूंस खाली आधार देऊन, दाब द्यावयाचा. पोलाद हट्टी! दाब काढताच ते थोडे मागे येते. म्हणून सरळ रेषेच्या जरा पलीकडे दाबावे लागते. अधिक दाबले, तर उलट बाजूस बाक येतो. मग पुन्हा फिरवा, पुन्हा खडू धरा. आज तारापूर-बोईसरसारख्या औद्योगिक वसाहतींत खडूच्या जागी मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखविणारे डायल गेज आले आहे. कामाची रीत मात्र तीच आहे.

असाच धीर लक्ष्मणरावांना नांगराच्या पायी धरावा लागला. त्यांनी लोखंडी नांगर घडविला, पण लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. धंद्यास कोठे बरकत येते न येते, तोच कारखान्याची जागा सोडण्याविषयी बेळगाव नगरपालिकेचा हुकूम आला. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकानजीक ३२ एकर जमीन व बिनव्याजी दहा हजार रुपये कर्ज दिले. जमीन खडकाळ, निवडुंगाने माजलेली. १९१० मध्ये तेथे कारखाना पुन्हा मांडला गेला आणि कामगारांची वसाहत वसली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. कुंडल रोड हे नाव केव्हाच मागे पडले. त्या स्थानकाच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.