युद्धकैद्यांचा मेंढपाळ : फादर एमिल कापॉन

युद्धभूमीवर सैनिकाजवळ फार थोड्या वस्तू असतात आणि शत्रूच्या हाती सापडल्यावर त्याही उरत नाहीत. अशा वेळी प्रभूचे वचन माणसाला कसे तारते, हे फादर एमिल कापॉन यांच्या जीवनातून दिसून येते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पिल्सेन या लहानशा गावी, चेक वंशाच्या शेतकरी कुटुंबात २० एप्रिल १९१६ रोजी एमिल यांचा जन्म झाला. शेतीची कष्टाची कामे करीतच ते वाढले. ९ जून १९४० रोजी विचिटा धर्मप्रांतासाठी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९४४ साली ते लष्करी धर्मगुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील सैनिकांची सेवा केली. युद्धानंतर ते मायदेशी परतले. परंतु सैनिकांची ओढ कायम राहिली व १९४८ साली ते पुन्हा सैन्यात दाखल झाले.

१९५० साली कोरियाचे युद्ध पेटले. फादर कापॉन आघाडीवर पोहोचले. जीपच्या पुढील भागावर वस्त्र अंथरून ते पवित्र मिस्सा अर्पण करीत. गोळ्यांच्या वर्षावात जखमींपर्यंत जाऊन ते त्यांचे पापनिवेदन ऐकत आणि मृतांच्या नातेवाइकांना सांत्वनाची पत्रे लिहीत.

नोव्हेंबर १९५० च्या आरंभी उनसान येथे त्यांच्या पलटणीला चिनी सैन्याने वेढले. निसटण्याची संधी असतानाही ते जखमींसोबत थांबले आणि कैद झाले. एक शत्रुसैनिक जखमी सार्जंट हर्बर्ट मिलर यांच्यावर बंदूक रोखून उभा होता. फादरांनी त्याला शांतपणे बाजूला सारले आणि मिलर यांना उचलून घेतले. पुढे उत्तरेकडील दीर्घ पायपिटीत त्यांनी त्यांना आधार दिला.

यालू नदीकाठच्या प्योक्तोंग येथील छावणीत त्या हिवाळ्यात थंडी, भूक व रोगराईने शेकडो कैदी मरण पावले. फादर कापॉन पत्र्याच्या भांड्यात पाणी उकळून देत, आजाऱ्यांचे मळलेले कपडे धूत आणि रात्री गुपचूप झोपड्यांत जाऊन प्रार्थना घेत. कोठारातून धान्य मिळवण्यास निघण्यापूर्वी ते प्रभूसोबत क्रूसावर खिळलेल्या पश्चात्तापी चोराची, संत दिस्मास यांची, मध्यस्थी मागत.

तेथे धर्मसभांना मनाई होती आणि विचार बदलण्यासाठी कैद्यांना सक्तीची व्याख्याने ऐकवली जात. तरीही २५ मार्च १९५१ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या पहाटे, फादर गळ्यात स्टोल घालून कैद्यांसमोर उभे राहिले. भाकर व द्राक्षारस नसल्याने मिस्सा अर्पण करणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी सोबत्याकडील मिस्साच्या पुस्तकातून प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला व जपमाळेची प्रार्थना घेतली. कॅथलिक, प्रोटेस्टंट, यहुदी, सारेच त्यात सहभागी झाले. उपाशी माणसांना त्या कथेत स्वतःचे दुःख दिसले आणि त्यापलीकडची पहाटही दिसली.

लवकरच ते आजारी पडले. वेदनेने डोळ्यांत पाणी आले असता त्यांनी भोवतालच्या सोबत्यांना मक्काबींच्या ग्रंथातील सात भाऊ व त्यांच्या मातेची कथा सांगितली. पहारेकऱ्यांनी त्यांना मरणाची खोली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी हलवले, तेव्हा त्यांनी त्यांनाही क्षमा केली. २३ मे १९५१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला.

१९५३ साली सुटलेल्या कैद्यांनी एक लाकडी क्रूस सोबत आणला. तो फादरांना कधीही न भेटलेल्या एका यहुदी कैद्याने, सोबत्यांकडून त्यांची कीर्ती ऐकून कोरला होता. १९९३ साली त्यांना ईशसेवक घोषित करण्यात आले. २०१३ साली त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला. २०२१ साली त्यांच्या अवशेषांची ओळख पटून ते विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना आदरणीय ही पदवी दिली.

आपल्या घरोघरी बायबल आहे. फादर कापॉन यांना ते कठीण प्रसंगी आठवले, कारण त्यांनी ते आधीच हृदयात साठवले होते. आपणही रोज प्रभुवचनाचे मनन करू या.