विन्स लोम्बार्डी : फळ्यापुढचा प्रशिक्षक

१९५८ च्या हंगामात ग्रीन बे पॅकर्स हा संघ बारा सामने खेळला. त्यांपैकी एक जिंकला, एक बरोबरीत सुटला आणि दहा हरला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे तेव्हा सुमारे साठ हजार वस्तीचे, हिवाळ्यात गोठून जाणारे गाव. संघाची मालकी कोणा धनिकाकडे नव्हती, ती गावकरी भागधारकांकडे होती. या संचालकांनी १९५९ च्या फेब्रुवारीत प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा दोन्ही पदांवर ज्या गृहस्थांना नेमले, त्यांनी महाविद्यालयाच्या मुख्य संघाचेही प्रमुखपद कधी सांभाळले नव्हते. त्यांचे नाव विन्स लोम्बार्डी आणि वय पंचेचाळीस.

हा खेळ गोव्यात घरोघरी ठाऊक असलेला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून अकरा जणांनी यार्डा-यार्डाने पुढे सरकायचे आणि समोरच्या अकरांनी अंगावर झेपावून त्यांना रोखायचे, असा हा अमेरिकी फुटबॉल. यात प्रत्येक चाल आधी फळ्यावर आखावी लागते. लोम्बार्डी यांचे सारे आयुष्य या फळ्यापुढेच गेले.

त्यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, इटालियन स्थलांतरितांच्या कुटुंबात झाला. वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. विन्स यांनी आधी पाद्री होण्याचे शिक्षण घेतले, पण ते अर्धवट सोडले. चर्च मात्र सुटले नाही. पुढे आयुष्यभर ते नेमाने सकाळच्या मिस्साला जात राहिले. फोर्डहॅम विद्यापीठात ते संघाच्या आघाडीच्या फळीत खेळले. ही फळी ‘ग्रॅनाइटच्या सात शिळा’ या नावाने गाजली. तिच्यात लोम्बार्डी अंगाने लहान होते. ती उणीव ते त्वेषाने भरून काढत.

१९३७ मध्ये पदवी मिळाली, ती मंदीच्या काळात. काही दिवस किरकोळ नोकरी, काही दिवस कायद्याचा अभ्यास, असे चाचपडून झाल्यावर १९३९ मध्ये ते न्यू जर्सीतील एंगलवूडच्या सेंट सिसिलिया शाळेत रुजू झाले. तिथे लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी मुलांना मैदानावर न्यायचे, असा क्रम आठ वर्षे चालला. वर्गातल्या सर्वांत मंद मुलाला कळेपर्यंत तोच भाग पुन्हा पुन्हा सांगायचा, ही सवय त्यांना इथे लागली. त्यांच्या पुढच्या यशाचे बीज या वर्गात आहे.

त्यानंतर फोर्डहॅम आणि १९४९ पासून वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत रेड ब्लेक यांचे साहाय्यक. १९५४ मध्ये ते न्यूयॉर्क जायंट्समध्ये गेले. तिथे आक्रमणाची बाजू लोम्बार्डींकडे आणि बचावाची टॉम लँड्री यांच्याकडे होती. १९५६ चे अजिंक्यपद या जोडीच्या कामगिरीवरच आले. तरीही प्रमुखपदाची संधी हुलकावणी देत राहिली. आपले इटालियन आडनाव आड येते, असा त्यांचा पक्का समज होता आणि तो सल खोल होता.

ग्रीन बेमध्ये त्यांनी पहिल्या दिवसापासून शाळा भरवली. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी न येणारा उशिरा आला असे धरले जाई. चाली मोजक्याच, पण त्या हजारदा घोटलेल्या. त्यांतली मुख्य म्हणजे आघाडीचे दोन गार्ड बाजूला धावून वाट मोकळी करतात आणि चेंडूवाला त्यांच्यामागून मिळेल त्या फटीत शिरतो, ही चाल. समोरच्यांना ती पाठ झाली होती, तरी रोखता येत नसे. एका शिबिरात लोम्बार्डी या एकाच चालीवर आठ तास बोलले. श्रोत्यांत तरुण जॉन मॅडन होते. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेल्या मॅडन यांना त्या दिवशी आपल्याला काहीच येत नसल्याचे जाणवले.

त्यांचा संताप भयंकर होता. बार्ट स्टार हा खेळाडू निवडीच्या सतराव्या फेरीत उचललेला, अबोल. सर्वांसमोर बोलणी खावी लागली तर आपल्याला संघाचे नेतृत्व करता येणार नाही, असे त्याने एकदा खोलीत जाऊन सांगितले. लोम्बार्डी यांनी ते मानले आणि पुन्हा कधी त्याला चारचौघांत टोचले नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना दारात अडवणाऱ्या हॉटेलांत आपला एकही खेळाडू पाय ठेवणार नाही, हेही त्यांनी गावाला बजावले. विली डेव्हिस, विली वूड, हर्ब ॲडरली हे त्या संघाचे आधारस्तंभ झाले.

१९६० मध्ये अंतिम सामना हातचा गेला. त्यानंतर लोम्बार्डी यांचा पॅकर्स एकही बाद फेरीचा सामना हरला नाही. १९६१, ६२, ६५, ६६ आणि ६७ अशी पाच अजिंक्यपदे आणि पहिल्या दोन्ही ‘सुपर बोल’चे विजय त्यांच्या नावावर आहेत.

सर्वांत आठवणीत राहिला तो ३१ डिसेंबर १९६७ चा, डॅलसविरुद्धचा सामना. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. मैदान गोठू नये म्हणून लोम्बार्डी यांनी जमिनीखाली विजेच्या तारा पुरून घेतल्या होत्या. नेमकी त्या दिवशी ती यंत्रणा निकामी ठरली. सोळा सेकंद उरले असताना पॅकर्स १४-१७ असा मागे होता आणि रेषा हातभर अंतरावर. लाथेने तीन गुण घेऊन बरोबरी साधणे सोपे होते. लोम्बार्डी यांनी ते नाकारले. जेरी क्रेमरने काढलेल्या फटीतून स्टार स्वतः चेंडू घेऊन आत कोसळला. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते टॉम लँड्री.

या यशाची किंमत घरात चुकती झाली. पत्नी मेरी एकाकी पडल्या, मद्याच्या आहारी गेल्या. दोन्ही मुलांच्या वाट्याला वडील फार थोडे आले. इतरांच्या मुलांना एवढ्या चिकाटीने शिकवणाऱ्या माणसाच्या चरित्रातले हे पान वाचताना अवघडायला होते.

१९६८ मध्ये केवळ व्यवस्थापक म्हणून राहिलेल्या लोम्बार्डींना मैदानावाचून करमेना. १९६९ मध्ये ते वॉशिंग्टनला गेले आणि त्या पडत्या संघानेही सात सामने जिंकले. पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. ३ सप्टेंबर १९७० रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘सुपर बोल’च्या चषकाला त्यांचे नाव देण्यात आले. जानेवारी १९७१ मध्ये या नावाचा चषक प्रथमच दिला गेला, तेव्हा लँड्री यांचा डॅलस संघ अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरला. पुढच्या वर्षी त्याने तो जिंकला.