भिंती नसलेला तुरुंग : औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी





दर अंकात आपण एका थोर व्यक्तीची ओळख करून घेतो. या वेळी ज्यांच्याविषयी लिहीत आहे, त्यांचे नाव मला बरेच उशिरा कळले. माझे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या दिवसांत व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा हिंदी चित्रपट पाहिला. एक जेलर सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेतो आणि शेतीत रमवून माणसात आणतो, अशी ती कथा. मला वाटले, ही सगळी कल्पनाच असणार. पुढे समजले, की तिचे मूळ आपल्या महाराष्ट्रातल्या एका लहानशा संस्थानात आहे. ही कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले होते.

त्या संस्थानाचे नाव औंध, आणि तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. ते पदवीधर होते. १९०९ साली ते गादीवर आले. संस्थान केवढे, तर सुमारे ७२ गावांचे, तेही सलग नाही. सातारा, सांगलीकडे तुकड्या-तुकड्यांनी पसरलेले. बराचसा भाग कमी पावसाचा. उत्पन्न बेताचे, पण राजांची दृष्टी मोठी होती. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. औंधच्या डोंगरावरचे त्यांचे संग्रहालय आजही पाहायला मिळते. सूर्यनमस्काराचा त्यांनी देशभर प्रसार केला; आपल्या शाळेत सकाळी जे सूर्यनमस्कार होतात, त्यामागेही त्यांचे ऋण आहे. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा मिळाली, तीही याच संस्थानात, १९१० साली. त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर तिथे रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपवले होते, असे जुन्या आठवणींत सांगितले जाते.

वयाच्या सत्तरीत बाळासाहेबांनी एक मोठा निर्णय घेतला. राजे लोक सत्ता वाढवतात, यांनी ती सोडली. १९३८ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे बॅरिस्टर चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी या कामात पुढाकार घेतला. महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले आणि १९३९ साली औंधची राज्यघटना अमलात आली. गावोगावी पंचायती आल्या.

याच काळात तुरुंगाचा प्रश्न पुढे आला. जन्मठेपेच्या कैद्याला कोठडीत बंद ठेवायचे, वर्षानुवर्षे पोसायचे, त्याच्यावर पहारा ठेवायचा आणि शेवटी त्याला समाजात परत सोडायचे. पण तोवर त्याचे घर मोडलेले असते, जमीन पडीक झालेली असते आणि कष्टाची सवय गेलेली असते. मग तो काय करणार? फ्रीडमन यांच्या मनात वेगळा प्रयोग होता, आणि राजांनी त्याला मान्यता दिली. १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत वसवण्यात आली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाचे नाव स्वतंत्रपूर! या नावातच सगळा विचार आहे.

तिथे उंच भिंत नव्हती. कैद्याने शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. पळून जायला वाट मोकळी होती. पण ज्याचे पीक शेतात उभे आहे आणि ज्याची मुले घरात आहेत, तो पळून जाऊन काय मिळवणार? भिंतीचे काम घराने आणि शेताने केले. १९४८ साली औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. संस्थान गेले, राजे गेले, पण स्वतंत्रपूरचे काम थांबले नाही. ही वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली. पुढे १९६८ साली पैठणलाही खुले कारागृह सुरू झाले.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षा कशासाठी असते? चुकीची किंमत चुकवावी लागावी, इतरांना धाक बसावा, समाज सुरक्षित राहावा, आणि चुकणारा सुधारावा. ही चारही कारणे खरी आहेत. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याचे दुःख विसरून कैद्याचे कौतुक करणे हा अन्याय होईल. म्हणूनच खुल्या कारागृहात वाटेल त्याला पाठवत नाहीत. ज्याने शिक्षेचा काही काळ भोगला आहे आणि ज्याचे वर्तन चांगले आहे, अशालाच निवडतात. शिक्षा माफ होत नाही, ती भोगण्याची पद्धत बदलते. बाळासाहेबांच्या राज्यात चौथ्या कारणाला पहिल्या तिघांच्या बरोबरीने बसवले गेले. त्यांचे मोठेपण मला यात दिसते.

हा विचार आता कायद्यातही आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा हीसुद्धा एक शिक्षा आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा होते. आपल्या सुरतजवळच्या लाजपोर कारागृहात कैदी हिरे घासण्याचे काम करत आले आहेत. हाती कसब असले, तर बाहेर आल्यावर निदान एक दार उघडे असते.

आता थोडे स्वतःविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत शिक्षक होतो. नववीतल्या एका मुलाने वर्गमित्राच्या दप्तरातून फीचे पैसे काढले. आम्ही सर्व शिक्षकांनी एकमताने त्याच्या हाती दाखला दिला. मीही हात वर केला होता. पुढे दोनेक वर्षांनी तो एका चहाच्या टपरीवर कपबश्या विसळताना दिसला. कष्टाचे काम वाईट नाही, पण ती त्याच्या शाळेची वेळ होती. मला पाहून त्याने मान फिरवली. पैसे त्याने तेव्हाच परत केले होते. मग आम्ही त्याला शिक्षा कशाची दिली, आणि त्यातून कोणाचे भले झाले? याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

पालक आणि विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या मुलाची वस्तू हरवली, कोणी त्याला मारले, की राग येणे स्वाभाविक आहे. चुकणाऱ्या मुलाला शिक्षा झालीच पाहिजे, यात दुमत नाही. त्याने नुकसान भरून द्यावे, सर्वांसमोर नाही तरी ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर माफी मागावी, शाळेच्या बागेत किंवा वाचनालयात काम करावे. पण त्याला काढून टाका, अशी मागणी करण्यापूर्वी, शाळेबाहेर त्याला कोण सांभाळणार आहे, याचा एकदा विचार व्हावा. एका छोट्या संस्थानाच्या राजाने खुनाच्या कैद्यांवर विश्वास टाकला. आपल्यापुढे तर चौदा-पंधरा वर्षांची लेकरे आहेत.

आपला,
मुख्याध्यापक